सूर्य मावळल्यावर काय? हरित विजेचं खरं गणित आपल्या घाटात सुटणार आहे

जुलै २०२५ मध्ये एक बातमी बहुतेकांच्या फीडवर येऊन गेली असेल. भारताच्या एकूण वीजनिर्मिती क्षमतेतला निम्मा वाटा आता कोळसा, गॅस आणि डिझेल सोडून इतर स्रोतांचा झाला. २०३० साठी ठेवलेलं उद्दिष्ट पाच वर्षं आधीच गाठलं. ग्राफिक्स छान होती, पवनचक्क्या, सौर पॅनल, तिरंगा वगैरे. खाली कॉमेंटमध्ये दोन गट पडले होते. एक म्हणत होता, आता कोळशाची गरज संपली. दुसरा म्हणत होता, सगळं खोटं, आमच्याकडे अजून लाइट जाते.

दोन्ही गट चुकीचे आहेत. आणि ते का चुकीचे आहेत हे समजून घ्यायला देशात याहून चांगली जागा क्वचितच सापडेल, असं माझं मत आहे. ती जागा म्हणजे खोपोली, कर्जत आणि त्यांच्या डोक्यावर उभा असलेला सह्याद्री. मी खालापूर तालुक्यातला असल्यामुळे असं म्हणतोय असं वाटेल, म्हणून आकड्यांनिशी सांगतो.

आधी त्या 'निम्म्या'चं बघू. बातमीत जो आकडा होता तो क्षमतेचा होता, म्हणजे सगळी यंत्रं पूर्ण ताकदीने चालली तर किती वीज बनेल याचा. देशाची एकूण क्षमता तेव्हा साधारण ४ लाख ८५ हजार मेगावॅट होती आणि त्यातली २ लाख ४२ हजारांहून जास्त कोळसा-गॅस-डिझेल वगळून होती. पण १०० मेगावॅटचा सौर प्रकल्प रात्री शून्य देतो, ढगाळ दुपारी थोडं देतो, आणि वर्षाची सरासरी काढली तर २० ते २५ मेगावॅटच्या आसपास येऊन थांबतो. कोळशाचं केंद्र मात्र दिवसरात्र चालू शकतं. त्यामुळे क्षमतेत निम्मा वाटा असूनही प्रत्यक्षात तयार होणाऱ्या विजेत कोळशाचा वाटा अजून सत्तर टक्क्यांच्या घरात आहे. फोनच्या भाषेत सांगायचं तर बॉक्सवर '५जी' छापलेलं असणं आणि तुमच्या घरात ५जीची रेंज येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मग प्रगती झालीच नाही का? झाली, आणि प्रचंड झाली. 'एम्बर' ही संस्था जगभरातल्या विजेचे आकडे गोळा करते. त्यांच्या हिशोबानुसार २०२४ मध्ये जगातली सुमारे ३२ टक्के वीज नवीकरणीय स्रोतांतून आली, आणि २०२५ च्या पहिल्या सहा महिन्यांत जगात पहिल्यांदाच नवीकरणीय वीज कोळशाच्या विजेपेक्षा जास्त तयार झाली. सौर पॅनल इतकी स्वस्त झाली आहेत की दिवसा वीज बनवणं हा प्रश्न जवळपास सुटल्यात जमा आहे. अडचण आता वेगळीच आहे. वीज दुपारी बारा वाजता बनते आणि आपल्याला ती संध्याकाळी साडेसातला हवी असते.

वीज बफर होत नाही

यूट्यूबवर व्हिडिओ बघताना खाली करडी पट्टी पुढे पळत असते, ते बफरिंग. नेट मधेच गेलं तरी थोडा वेळ व्हिडिओ चालतो, कारण पुढचा भाग आधीच फोनमध्ये येऊन बसलेला असतो. विजेच्या जाळ्यात असं काहीच नाही. ज्या क्षणी तुम्ही पंखा लावता त्याच क्षणी कुठेतरी तेवढी वीज तयार व्हावी लागते. कमी पडली तर फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झच्या खाली घसरते, जास्त झाली तर वर जाते, आणि फार हलली तर यंत्रं स्वतःला वाचवण्यासाठी जाळ्यातून बाहेर पडतात. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी मुंबई बंद पडली होती ते आठवत असेल. तेव्हा वीज 'संपली' नव्हती. कळवा-पडघा भागातल्या मोठ्या लाइन एकामागोमाग निघाल्या आणि जाळ्याचा तोल गेला.

अमेरिकेत कॅलिफोर्नियाने हा तोल सांभाळायचा प्रश्न आपल्या आधी अनुभवला. तिथे दुपारी सौर वीज इतकी येते की इतर केंद्रांची गरज एकदम खाली पडते, आणि सूर्य कलला की दोन-तीन तासांत ती उभी चढते. हा आलेख बदकासारखा दिसतो म्हणून त्याचं नावच बदकाचा आलेख पडलं. आपल्याकडेही तो बदक आता पोहायला लागलाय. २०२५ मध्ये राजस्थानात अनेकदा दुपारी तयार असलेली सौर वीज घेता आली नाही, कारण ती वाहून न्यायला पुरेशा लाइन नव्हत्या. म्हणजे एकीकडे दुपारी वीज वाया आणि दुसरीकडे संध्याकाळी कोळशाच्या भट्ट्या पेटवायच्या.

यावर उपाय म्हणजे साठवण. आणि साठवण म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर बॅटरी येते, कारण ती आपल्या खिशात असते. पण वीज साठवायची सर्वांत मोठी पद्धत बॅटरी नाही. ती आहे उंचावर ठेवलेलं पाणी.

एक बादली पाणी, एक फोन

खोपोलीत आलात तर घाटाच्या उतारावरून खाली येणारे जाड पाइप दिसतात. वर लोणावळ्याच्या बाजूला वळवण, लोणावळा आणि शिरवटा ही तळी आहेत. तिथलं पाणी या पाइपांतून जवळपास ५०० मीटर खाली येतं आणि टर्बाइन फिरवतं. हे केंद्र फेब्रुवारी १९१५ मध्ये सुरू झालं. जमशेटजी टाटांची कल्पना. ते १९०४ मध्ये गेले, त्यानंतर १९१० मध्ये कंपनी उभी राहिली. इथली वीज सुमारे सत्तर किलोमीटर लांब मुंबईच्या गिरण्यांना जात होती. तोवर गिरण्या कोळशावर चालत, त्यांच्या चिमण्यांनी परळ-लालबाग काळं झालं होतं. म्हणजे कोळशाकडून हरित विजेकडे जाण्याचा एक प्रयोग या घाटाने एकशे दहा वर्षांपूर्वीच केलाय. १९२२ मध्ये कर्जत तालुक्यात भिवपुरीचं केंद्र आलं, त्याला आंध्रा नदीवरच्या ठोकरवाडी धरणाचं पाणी. १९२७ मध्ये मुळशीच्या पाण्यावर भिरा. आज खोपोलीची क्षमता ७२ मेगावॅट आणि भिवपुरीची ७५ मेगावॅट आहे.

आता हे पाणी किती ताकदीचं आहे ते मोजू. गणित दहावीच्या विज्ञानातलं आहे, वस्तुमान गुणिले गुरुत्व गुणिले उंची. आपल्या गच्चीवर असते तशी १००० लिटरची टाकी ५०० मीटर खाली आणली तर यंत्रातली तूट धरून जवळपास १.२ युनिट वीज मिळते. २० लिटरची एक बादली खाली आली तर साधारण २४ वॅट-अवर. तुमच्या ५००० एमएएचच्या फोनची बॅटरी १९ वॅट-अवरच्या आसपास असते, चार्जरमधली तूट धरली की भिंतीतून २४ खेचते.

म्हणजे घाटावरून एक बादली पाणी खाली आलं की एक फोन फुल चार्ज. मला हे प्रमाण फार आवडतं, कारण ते लक्षात राहतं आणि त्याने बाकीच्या गोष्टींचंही माप घेता येतं. दीड टनाचा एसी तासभर चालवला तर पन्नास-साठ बादल्या. तीन युनिटची बॅटरी असलेली इलेक्ट्रिक स्कूटर पूर्ण चार्ज करायची तर सव्वाशे बादल्या. म्हणून फोनचा चार्जर बटण बंद न करता ठेवला यावर घरात भांडण होत असेल तर ते सोडून द्या. एसी दोन डिग्री वर ठेवा.

खोपोली-भिवपुरीची जुनी व्यवस्था पाणी एकदाच वापरते. पावसाळ्यात तळी भरतात, मग वर्षभर लागेल तसं सोडायचं. चार महिन्यांचा पाऊस बारा महिने पुरवायचा, हीसुद्धा साठवणच. आणि तिचा एक गुण कोळशाकडे नाही: झडप उघडली की काही मिनिटांत वीज. कोळशाचं थंड पडलेलं केंद्र तापवायला कित्येक तास लागतात. म्हणून मुंबईची संध्याकाळची मागणी चढते तेव्हा हे जुनं पाणी अजून उपयोगी पडतं.

आता यात एक भर घाला. खाली आलेलं पाणी एका खालच्या तलावात अडवा, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी सौर वीज स्वस्त असताना पंपाने तेच पाणी परत वर चढवा. संध्याकाळी पुन्हा खाली सोडा. याला सरकारी मराठीत 'उदंचन' म्हणतात. शब्द जरा जड आहे, पण वर उपसणं हाच त्याचा अर्थ. १०० युनिट खर्चून पाणी वर चढवलं तर खाली येताना ७५ ते ८० युनिट परत मिळतात. वीस-पंचवीस युनिट जातात हे खरं, पण दुपारी जी वीज वायाच जाणार होती तिच्यातले ऐंशी टक्के संध्याकाळी मिळाले तर सौदा वाईट नाही. हे काही नवं तंत्र नाही. भिऱ्याला १५० मेगावॅटचा असा संच १९९० च्या दशकापासून आहे, घाटघरला २५० मेगावॅटचा सरकारी प्रकल्प २००८ पासून आहे.

एका तालुक्यावर केवढा भार

आता खरी बातमी. जून २०२३ मध्ये टोरेंट पॉवरने राज्य सरकारशी तीन उदंचन प्रकल्पांचा करार केला: कर्जतमध्ये ३,००० मेगावॅट, मावळात १,२०० आणि जुन्नरमध्ये १,५००. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये टाटा पॉवरने करार केला: भिवपुरीला १,००० मेगावॅट आणि घाटाच्या वर शिरवट्याला १,८००, दोन्ही मिळून सुमारे १३ हजार कोटी रुपये.

हे आकडे वेगवेगळ्या बातम्यांत आले, त्यामुळे कुणी बेरीज केली नाही. करून बघा. कर्जत तालुक्यात ४,००० मेगावॅट. घाट चढून पलीकडच्या मावळात आणखी ३,०००. केंद्रीय वीज प्राधिकरणाने २०२३ च्या राष्ट्रीय वीज आराखड्यात अंदाज दिला होता की २०३१-३२ पर्यंत देशाला सुमारे ७४ हजार मेगावॅटची साठवण लागेल, त्यात सुमारे २७ हजार उदंचनाची आणि ४७ हजार बॅटरीची. म्हणजे अख्ख्या देशाच्या उदंचन गरजेच्या चौथ्या हिश्शाहून जास्त भार या एका घाटाच्या दोन बाजूंना, दोन शेजारच्या तालुक्यांत टाकायचा विचार आहे. जुनं खोपोली केंद्र ७२ मेगावॅटचं आहे हे आठवा, म्हणजे उडी केवढी आहे ते कळेल.

कारण उघड आहे. ५०० मीटरची सरळ कडा, वर-खाली जागा, भरपूर पाऊस, आणि मुंबई, नवी मुंबई, पुणे हाकेच्या अंतरावर. अशी जागा नकाशावर शोधून सापडत नाही. आणि नवी मुंबईत ऐरोली, महापे, रबाळे पट्ट्यात डेटा सेंटर उभी राहतायत. तुम्ही फोनवर एआयला फोटो बनवायला सांगता तेव्हा काम तुमच्या फोनमध्ये नाही, अशाच कुठल्यातरी इमारतीत होतं. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या मते २०२४ मध्ये जगातल्या डेटा सेंटरनी सुमारे ४१५ अब्ज युनिट वीज वापरली, जगातल्या एकूण विजेच्या दीड टक्का, आणि २०३० पर्यंत हा आकडा दुपटीच्या पुढे जाईल. सर्व्हर रात्री झोपत नाहीत. या क्षेत्रातल्या कंपन्या 'आम्ही शंभर टक्के हरित वीज वापरतो' असं म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा तो वर्षाचा हिशोब असतो: वर्षभरात जेवढी वापरली तेवढी हरित वीज कुठेतरी विकत घेतली. रात्री अकरा वाजता सर्व्हरला प्रत्यक्षात कोळशाचीच वीज जात असू शकते. तासातासाचा हिशोब मागितला की साठवणीशिवाय तो जुळत नाही. मी सॉफ्टवेअरवाला आहे, माझं पोट याच सर्व्हरवर चालतं, तरी हे स्पष्ट बोललं पाहिजे.

मुळशीची आठवण कुणाला आहे?

पण डोंगर ही रिकामी जागा नसते. १९२१ मध्ये मुळशी खोऱ्यात टाटांच्या धरणाविरुद्ध शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. पन्नासच्या आसपास गावं, भाताची उत्तम शेती, पाण्याखाली जाणार होती. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट हे त्या लढ्याचे पुढारी. बापटांना 'सेनापती' ही पदवी याच लढ्याने दिली. धरण झालंच. मुंबईला स्वच्छ वीज मिळाली, आणि त्या वीजेची किंमत मावळ्यांनी जमिनीच्या रूपात मोजली. धरणग्रस्तांचा लढा म्हटलं की आपल्याला नंतरचीच नावं आठवतात, पण सुरुवात आपल्या घाटमाथ्यावर झाली होती, आणि तीही 'हरित' विजेमुळे.

दुसरा वाद पाण्याच्या दिशेचा. टाटांच्या सहा तळ्यांत अडवलेलं पाणी निसर्गाने पूर्वेकडे, भीमा आणि पुढे कृष्णेत जायचं होतं. सुमारे ४२ टीएमसी पाणी दरवर्षी पश्चिमेला वळवून वीज केली जाते. सोलापूर, मराठवाड्याकडे दुष्काळ पडला की हे पाणी परत पूर्वेला वळवा अशी मागणी उठते, आणि ती चूक आहे असं म्हणता येत नाही.

पण इकडे, खाली आम्ही शंभर वर्षांत त्या पाण्यावर सवय लावून बसलोय. खोपोलीतून सुटलेलं पाणी पाताळगंगेत जातं, त्यावर रसायनीच्या पट्ट्यातले कारखाने आणि गावांची पाणीपुरवठा योजना. भिवपुरीतून सुटलेलं पाणी पेज नदीत आणि पुढे उल्हासमध्ये. त्याच पाण्यावर राजनाला चालतो आणि कर्जतमध्ये काही गावं उन्हाळ्यातही भात घेतात. कोकणात मे महिन्यात हिरवं शेत बघायचं असेल तर तिकडे जा. आणि पुढे बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर, कल्याणपर्यंतचे लाखो नळ याच उल्हासवर आहेत. नळ उघडताना कुणाच्या मनातही येत नाही की हे पाणी आधी टर्बाइन फिरवून आलंय.

म्हणून उदंचनाच्या बाबतीत पहिला प्रश्न पाण्याचा. तेच पाणी वर-खाली फिरणार असेल तर बाष्पीभवन सोडून फारसं कमी होत नाही, हे बरोबर आहे. पण पहिल्यांदा तलाव भरायला पाणी कुठून, कोणत्या महिन्यात घेणार? १,००० मेगावॅट सहा तास चालवायचे तर वरच्या आपल्या गणिताने सुमारे ५० लाख घनमीटर पाणी एका फेरीत लागतं. आणि जुन्या केंद्रातून आज जे पाणी सुटतं, त्याच्या वेळा बदलणार का? राजनाल्यावरच्या शेतकऱ्याला मेगावॅटशी देणंघेणं नाही, त्याला एप्रिलमध्ये पाणी कोणत्या वारी येणार ते हवंय. हे वेळापत्रक प्रकल्पाच्या आधी मराठीत, ग्रामपंचायतीत लावलेलं असायला हवं. कंपनीच्या संकेतस्थळावरच्या इंग्रजी पीडीएफच्या अमुक पानावर नको.

दुसरा प्रश्न डोंगराचा. नव्या प्रकल्पाला बोगदे लागतात, भूगर्भातली यंत्रशाळा, रस्ते, खोदलेला मुरूम टाकायला जागा, आणि यातलं बरंचसं जंगल किंवा ठाकूर-कातकरी वाड्यांच्या आसपासचं. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इरशाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसं मातीखालीच राहिली. ती दरड पावसाने आली, तिचा कुठल्या प्रकल्पाशी संबंध नव्हता. पण आमच्याकडच्या उतारांची माती काय आहे ते त्या रात्री सगळ्यांनी पाहिलं. त्या उतारांत सुरुंग लावायचे असतील तर कोणता उतार, किती खोल, खालच्या वाडीचं काय, हे विचारणाऱ्याला 'विकासविरोधी' म्हणून गप्प करता येणार नाही.

मग बॅटरीच का नको?

हा प्रश्न गंभीरपणे घ्यायला हवा, कारण गेल्या तीन वर्षांत चित्र पालटलंय. २०२२ मध्ये देशातल्या मोठ्या बॅटरी प्रकल्पाच्या निविदेत दर महिना मेगावॅटमागे सुमारे १०.८ लाख रुपये भाव निघाला होता. २०२५ मध्ये तसल्याच दोन तासांच्या साठवणीचे भाव दोन-सव्वादोन लाखांपर्यंत आले. त्यात काही ठिकाणी सरकारी अनुदान धरलेलं आहे, तरीही घसरण जबरदस्त आहे. कॅलिफोर्नियाने एप्रिल २०२४ मध्येच १० हजार मेगावॅट बॅटरीचा टप्पा ओलांडला. बॅटरीचे कंटेनर दीड-दोन वर्षांत सबस्टेशनच्या आवारात बसवता येतात. डोंगर पोखरावा लागत नाही, आणि परत मिळणारी वीजही थोडी जास्त.

उदंचनाच्या बाजूने दोन गोष्टी. एक, ते सहा-आठ तास चालतं; बॅटरीला तेवढा वेळ हवा तर तेवढ्या बॅटऱ्या वाढवाव्या लागतात. दोन, आयुष्य. बॅटरी दहा-पंधरा वर्षांत थकते (तुमच्या फोनची तर तीन वर्षांतच), आणि खोपोली एकशे दहा वर्षांनी चालूच आहे.

माझं मत असं. संध्याकाळचे पहिले दोन-तीन तास बॅटरी घेऊन जाणार, आणि दरवर्षी थोडा जास्त वेळ घेणार. उदंचन लागेल, पण करारांच्या आकड्यांएवढं नाही. आज बोगदा खोदायला घेतला तर तो पूर्ण होईपर्यंत बॅटरी आणखी स्वस्त झालेली असेल. म्हणून जिथे जुनी तळी, जुने रस्ते, जुनी वीजवाहिनी आहे तिथे आधी करा. भिवपुरी आणि शिरवटा निदान त्या पट्ट्यातले आहेत. नव्याने डोंगर फोडायचा प्रकल्प असेल तर त्याने आधी सिद्ध करावं की तेच काम तितक्याच पैशांत बॅटरी करू शकत नाही.

आणि सर्वांत स्वस्त साठवण आणखीनच वेगळी आहे: वापराची वेळ हलवणं. आमच्या भाषेत सांगायचं तर जड काम ट्रॅफिक कमी असताना शेड्यूल करायचं. महाराष्ट्रात शेतीपंपांना वर्षानुवर्षं रात्री वीज मिळायची, शेतकरी साप-बिबट्याच्या भीतीत मोटर चालू करायला जायचा. आता मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत १६ हजार मेगावॅट सौर वीज उभी करून हे पंप दिवसा चालवायचं ठरलंय. शेतकऱ्याची झोप आणि जाळ्याचा तोल, दोन्ही एकाच निर्णयात. एवढा भार रात्रीवरून दिवसावर आला तर त्याला ना बॅटरी लागते ना बोगदा. मला वाटतं, हरित विजेच्या सगळ्या घोषणांत हीच सर्वांत कमी चमकदार आणि सर्वांत शहाणी आहे.

तुमच्या-माझ्या घरातही हेच येतंय. जुलै २०२५ पासून महावितरणच्या टीओडी मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळेतल्या वापरावर युनिटमागे ८० पैशांपासून सवलत सुरू झाली, पुढच्या वर्षांत ती एक रुपयापर्यंत जाणार आहे. दुपारी सौर वीज भरपूर असते, तेव्हाच वापरा, असा त्याचा साधा अर्थ. या मीटरबद्दल लोकांच्या मनात राग आणि शंका आहेत, त्या वेगळ्या लेखाचा विषय. पण सवलतीचं गणित सरळ आहे: महिन्याला शंभर युनिट दिवसाच्या वेळेत गेले तर ८० रुपये वाचले. वॉशिंग मशीन, पाण्याची मोटर, गीझर, इस्त्री, ई-स्कूटर, ही हलवण्याजोगी कामं. फोन नाही, तो एका बादलीचाच धनी. आयफोनमध्ये 'क्लीन एनर्जी चार्जिंग' नावाची सोय आहे, हरित वीज जास्त असते तेव्हा चार्ज करणारी, पण ती फक्त अमेरिकेत चालते आणि तिथेही तिने फार मोठा फरक पडतो असं नाही.

अडचण एवढीच की या सवलतीचा फायदा दिवसा घरी असणाऱ्याला. सकाळची खोपोली लोकल पकडून मुंबईला जाणारा आणि रात्री आठला परत येणारा माणूस दुपारी वॉशिंग मशीन लावणार कधी? टायमर असलेलं मशीन असेल तर ठीक, नाहीतर रविवार. ज्यांच्या घरावर स्वतःचं छप्पर आहे त्यांना पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटपर्यंत ७८ हजार रुपये अनुदान मिळतं, पण खोपोलीतल्या चाळीत किंवा भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याचं छप्पर दुसऱ्याचं असतं.

राहिला कॉमेंटमधला तो दुसरा गट, 'आमच्याकडे अजून लाइट जाते'वाला. त्यांचा राग खरा आहे, फक्त पत्ता चुकलाय. पावसात आमच्या वाड्यांत वीज जाते ती देशात वीज कमी पडली म्हणून नाही. एक फांदी ११ केव्हीच्या तारेवर पडते आणि पुढची चार गावं अंधारात जातात. वर डोंगरातून मुंबईला जाणारी मोठी वाहिनी तेव्हाही चालूच असते. नवे उदंचन प्रकल्प आले तरी ही फांदी तशीच पडणार. म्हणून कर्जत-खालापूरच्या माणसाने जनसुनावणीला गेल्यावर पाण्याच्या वेळापत्रकाबरोबर आणखी एक गोष्ट मागायला हरकत नाही: ज्या गावांच्या डोक्यावर हे तलाव होणार, त्यांच्या गावातल्या तारा जमिनीखालून जातील का, आणि किती तारखेपर्यंत.